पटावरचा समुद्र आणि कोकणचा समुद्र

‘उभयचर’ हा शब्द शाळेत बेडकाच्या निमित्ताने येतो. पाण्यात आणि जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणी वावरणारा तो उभयचर. युद्धशास्त्रातही हा शब्द वापरतात. जहाजांतून सैन्य न्यायचे, शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायचे आणि उतरता उतरताच हल्ला चढवायचा, याला उभयचर हल्ला म्हणतात. बेडकाला पाण्यातून काठावर येताना फारसे कष्ट पडत नाहीत. सैन्याला मात्र तेवढ्या दहा-वीस पावलांत सर्वस्व गमवावे लागू शकते.

आपल्या वर्गातल्या अनेक मुलांना हे ठाऊक असते, पण ते इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर संगणकावरच्या खेळातून. या खेळांचा एक प्रकार असा आहे, की त्यात घाईघाईने बटणे दाबायची नसतात. बुद्धिबळासारखी एक खेळी आपण करायची, मग प्रतिस्पर्ध्याने करायची. नकाशा चौकटींचा असतो. काही चौकटी जमिनीच्या, काही पाण्याच्या. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’. तो १९९१ साली आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत जहाजावरच्या पायदळाला थेट हल्ला करताच येत नसे. आधी मोकळ्या जमिनीवर उतरायचे आणि मग लढायचे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मरीन’ नावाची खास तुकडी आली, तिला तशी मुभा मिळाली. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत कोणत्याही पायदळाने जहाजावरून हल्ला करावा, पण त्याला पन्नास टक्क्यांचा दंड. नदी ओलांडून केला तर पंचवीस टक्क्यांचा, असा नियम झाला.

एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, “सर, पन्नासच टक्के का? आणि नेहमीच पन्नास का?” तर काय सांगावे? प्रश्न खेळाचा वाटतो, पण त्याचे उत्तर आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासात आहे, आणि ते शोधताना भूगोल, गणित व खगोलशास्त्र या तिन्ही विषयांची मदत घ्यावी लागते.

पटावर पाणी कुठे आहे?

आळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांचे मूळ आपल्याकडे आहे. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे. गंमत अशी, की बुद्धिबळाच्या कोपऱ्यातल्या ज्या सोंगटीला आपण हत्ती म्हणतो, तिला बंगालीत आणि रशियन भाषेत नौका म्हणतात. नद्यांच्या प्रदेशात रथापेक्षा नौका अधिक ओळखीची, हे समजण्यासारखे आहे. परंतु ही नौका चालते मात्र घोडा आणि प्यादी चालतात त्याच घरांवरून. पटावर पाणी असे नाहीच.

एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्करात पटाऐवजी खरा नकाशा आला. राइसवित्झ पितापुत्रांनी रचलेला ‘क्रीगस्पील’ हा खेळ १८२४ मध्ये तेथील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. त्यात पंच असे, नुकसान ठरवण्यासाठी फासे असत आणि एक खेळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे असा हिशेब असे. आजच्या संगणकी खेळांचा हा पूर्वज. त्याने दोन गोष्टी वारशाला दिल्या. पहिली, काळाचे सारखे तुकडे पाडणे. दुसरी, भूप्रदेशाची अडचण आकड्यात मांडणे. ‘पन्नास टक्के दंड’ हा अशाच मांडणीतून आलेला आकडा आहे. अनेक वेगवेगळ्या अडचणी एका पोत्यात भरून वर शिक्का मारावा, तसा तो आहे. आपण ते पोते उघडून पाहू.

काठ ही रेषा नव्हे

नागपूरहून कोकणचा समुद्र सातशे किलोमीटर दूर. आपल्याकडच्या मुलांनी काठ पाहिलेला असतो तो अंबाझरीचा किंवा फुटाळ्याचा. तिथे सकाळी गेले काय आणि संध्याकाळी गेले काय, पाणी जागच्या जागी असते. काठ म्हणजे एक रेषा, अशी समजूत त्यातून होते. खेळाच्या नकाशावरचा किनारा असाच तलावाच्या काठासारखा असतो.

कोकणचा काठ रेषा नसून पट्टा आहे, आणि तो दिवसातून दोनदा रुंद होतो व दोनदा अरुंद होतो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे ओढणे एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती. मुंबईच्या आसपास उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगात त्याच्या निम्म्याहून कमी.

यावरून एक छोटे गणित वर्गात करून घ्यावे. पुळणीचा उतार पन्नासास एक आहे, असे धरू. पाण्याची पातळी चार मीटर खाली गेली तर किती पुळण उघडी पडेल? ४ × ५० = २०० मीटर. ओल्या वाळूतून, अंगावर हत्यारे व खांद्यावर शिडी घेऊन माणूस सेकंदाला अर्धा मीटर चालला, तर त्याला हे अंतर कापायला ४०० सेकंद लागतील, म्हणजे पावणेसात मिनिटे. तटावरच्या बंदूकवाल्याला दर बाराला दीड मिनिट लागत असले, तरी तेवढ्या वेळात त्याचे चार बार होतात. हाच हल्ला भरतीच्या वेळी केला, तर होडी थेट तटाजवळ जाते आणि ही २०० मीटरची चाल वाचते. तेव्हा दंड किती, हे विचारण्याआधी ‘किती वाजता?’ हे विचारले पाहिजे.

कोकणातल्या कोळ्यांना आणि खलाशांना हे कोणी शिकवावे लागले नाही. भरतीची वेळ काढण्याची त्यांची एक ठोकळ रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. तिथी ही चंद्राच्या स्थितीवरून ठरते आणि भरतीही मुख्यतः चंद्रावर अवलंबून असते, म्हणून ही रीत चालते. जुन्या मराठी कागदपत्रांत तिथी दिलेली असते. म्हणजे त्या दिवशी समुद्र केव्हा चढला असेल, याचा ढोबळ अंदाज आपल्याला आजही करता येतो.

दोन बांध

जंजिरा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी हा सिद्दींचा जलदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी तो घेण्याचे अनेक प्रयत्न केले. जवळच कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. तरी जंजिरा हाती आला नाही. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी वेगळाच विचार केला. सैन्याने पाण्यात जाण्याऐवजी जमीनच किल्ल्यापर्यंत न्यायची. किनाऱ्यापासून किल्ल्याकडे दगडांचा बांध घालण्याचे काम सुरू झाले.

जगाच्या इतिहासात असा एक बांध यशस्वी झाला होता. इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये अलेक्झांडरने टायर या बेटावरच्या शहरापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर ते शहर घेतले. मग जंजिऱ्याला काय वेगळे होते? एक मोठा फरक पाण्यात होता. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूकडून बंद आहे. टायरच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीचा फरक काही सेंटिमीटरांत मोजतात. जंजिऱ्याला तो मीटरांत मोजावा लागतो. पाणी दिवसातून चार वेळा आत-बाहेर धावते, टाकलेला दगड हलवते, आणि काम करण्याचे तास ठरवून देते. दुसरा फरक आरमाराचा. अलेक्झांडरला नंतर फिनिशियन आणि सायप्रसच्या नौकांची मदत मिळाली आणि समुद्र त्याच्या ताब्यात आला. सिद्दीकडे स्वतःचे आरमार होते आणि पाठीशी मोगल होते. बांधाचे काम चालू असतानाच मोगल फौज कोकणात उतरली, महाराजांना मागे वळावे लागले आणि बांध अपुरा राहिला. नंतर होड्यांतून केलेला हल्लाही सिद्दीने परतवला.

जंजिऱ्याचीच आणखी एक हकीगत परंपरेने सांगितली जाते. लाय पाटील या कोळी सरदाराने काळोखात किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून मोरोपंत पिंगळ्यांची माणसे येऊन चढायची, असे ठरले होते. पहाट होत आली तरी ती वेळेवर पोहोचली नाहीत, म्हणून शिड्या काढून परतावे लागले. संगणकाच्या खेळात ही हकीगत घडूच शकत नाही. तिथे आपली खेळी संपेपर्यंत सगळे थांबलेले असतात. शिडीवाले आणि चढणारे एकाच खेळीत सोयीने आपापल्या चौकटीत जाऊन बसतात. काळोख्या खाडीत, वाऱ्यावर आणि ओढीवर चालणाऱ्या दोन टोळ्यांना एकाच घटकेला एका जागी आणणे, हेच तर खरे अवघड काम.

थोडे थोडे येण्याची किंमत

दुसरी अडचण होड्यांची. हजार माणसे जहाजांवर असली तरी काठाला एका वेळी शंभरच उतरतात, कारण होड्या तेवढ्याच. याने काय बिघडते, हे गणिताने दाखवता येते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात लढाईचा एक नियम मांडला. दोन्ही बाजूंची माणसे सारख्या कुवतीची असतील आणि प्रत्येकाला समोरच्या कोणावरही नेम धरता येत असेल, तर सैन्याचे बळ त्याच्या संख्येइतके नसते, संख्येच्या वर्गाइतके असते.

समजा, बचावाला २०० माणसे आहेत आणि हल्ल्याला ४००. सगळे एकदम भिडले, तर ४०० चा वर्ग १,६०,००० आणि २०० चा वर्ग ४०,०००. वजाबाकी १,२०,०००, तिचे वर्गमूळ सुमारे ३४६. म्हणजे बचावाची सर्व २०० माणसे पडेपर्यंत हल्ल्याची ५४ पडतील.

आता तीच ४०० माणसे शंभर-शंभरच्या चार खेपांनी उतरू द्या, आणि प्रत्येक खेप पुढची येण्याआधीच संपते असे धरा. पहिल्या खेपेनंतर बचावाचे बळ ४०,००० – १०,००० = ३०,०००, म्हणजे १७३ माणसे शिल्लक. दुसऱ्या खेपेनंतर १४१, तिसऱ्यानंतर १००, आणि चौथ्यानंतर शून्य. दोन्ही बाजू पूर्ण नष्ट झाल्या. माणसे तीच, शौर्य तेच, हत्यारे तीच. फक्त होड्या कमी. पहिल्या प्रकारात ५४ बळी, दुसऱ्यात ४००.

खरी लढाई अशा नियमाने तंतोतंत चालत नाही, हे उघड आहे. पण किनाऱ्यावरच्या पहिल्या तुकडीची अवस्था काय होते, ते यातून कळते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा ती रोखण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी गलबते पाठवली. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प थोड्या माणसांनिशी बेटावर उतरू पाहत असता मारला गेला. ऑक्टोबरमध्ये मोठी झुंज झाली आणि मराठ्यांनी ‘डव्ह’ हे गलबत पकडले. इंग्रजांची जहाजे मोठी आणि तोफा भारी होत्या; पण त्यांना वारा लागे आणि खोल पाणी लागे. मराठ्यांच्या लहान नावा वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री निसटून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. इथे दंड बसला तो आधुनिक आरमाराला, आणि सूट मिळाली ती पाण्याची खोली ओळखणाऱ्या नावाड्यांना.

उतरणे आणि लढणे यांच्या मधला वेळ

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत पायी जाता येते; भरतीत तो बेट होतो. कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले. इंग्रजांकडे कमोडोर थॉमस मॅथ्यूज यांची राजाची लढाऊ जहाजे होती. खुद्द गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने हजर होता. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या चौलला फौज जमली आणि तिथून कुलाब्याकडे निघाली.

उतरताना विरोध झाला नाही. खेळाच्या नियमाप्रमाणे पाहिले तर दंड चुकवला होता. पण उतरण्यात, जमवाजमव करण्यात आणि कूच करण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात सातारा दरबारची कुमक आंग्र्यांच्या मदतीला आली. पिलाजी जाधवांचे घोडदळ मैदानात होते. समुद्रावरून तोफा डागून तट पडेना. तटावरचा हल्ला फसला, मराठ्यांच्या स्वारांनी बाजूने रेटा देताच पोर्तुगीज फळी मोडली आणि इंग्रजांनाही माघार घ्यावी लागली. पुढे जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी बाजीरावांशी तह केला. दोन मातब्बर दर्यावर्दी सत्ता एकत्र येऊनही कुलाबा पडला नाही, याचे श्रेय आंग्र्यांच्या शौर्याला आहेच. पण समुद्रातून येणाऱ्यापेक्षा जमिनीवरून येणारा घोडेस्वार लवकर पोहोचतो, या साध्या गोष्टीलाही आहे.

नागपूरकरांनी खाल्लेला हल्ला

आता आपल्या घरची गोष्ट. हिची बाजू उलटी आहे. नागपूरचे रघूजी भोसले यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालमध्ये शिरले. ही फौज मुख्यतः घोडदळाची. उन्हाळ्यात नद्यांना पाणी कमी असताना त्यांनी भागीरथी ओलांडून मुर्शिदाबादपर्यंत धडक मारली. पावसाळ्यात नदी भरली आणि ती दोन्ही बाजूंची सीमा झाली. मराठे पश्चिमेला, नबाब अलिवर्दीखान पूर्वेला. बंगालमधल्या रयतेने या स्वाऱ्यांत फार सोसले. ‘बर्गी’ हा शब्द तिथे आजही अंगाईगीतात भीतीचा म्हणून उरला आहे, हेही मुलांना सांगायला हवे.

सप्टेंबरच्या अखेरीस भास्करराम यांनी काटव्याच्या छावणीजवळ दुर्गापूजेचा उत्सव मांडला. त्याच वेळी अलिवर्दीने भागीरथी ओलांडली आणि अजय नदीवर रात्री होड्यांचा पूल बांधला. माणसे पलीकडे जात असता ओझ्याने पूल मधेच तुटला. बरीच माणसे बुडाली. खेळात असे झाले तर आपण डाव गेला असे समजू. लँचेस्टरच्या गणितानेही पलीकडे अडकलेल्या तुकडीची आशा सोडावी लागेल. पण प्रत्यक्षात पूल दुरुस्त झाला, काही हजार माणसे पहाटेपूर्वी पार झाली आणि त्यांनी झोपेतली छावणी उधळली. नागपूरकरांची फौज पळत सुटली.

इथे पंचांगाकडे पाहावे. ही रात्र दुर्गापूजेतल्या अष्टमी-नवमीच्या सुमाराची. शुद्ध अष्टमी-नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास, फार तर तासाभराने, मावळतो. म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात पूल बांधायला उजेड, आणि शेवटच्या भागात नदी ओलांडायला काळोख. नबाबाने हे हिशेबाने साधले की योगायोगाने, ते बाजूला ठेवू; आकाशाने त्याला साथ दिली, एवढे खगोलशास्त्र खात्रीने सांगते. लँचेस्टरचा नियम समोरच्याला आपण दिसतो असे धरून चालतो. जो दिसतच नाही, त्याला नदीचा पंचवीस टक्के दंड कसा बसेल?

वसई: काठ टाळण्याची रीत

या सगळ्या अडचणींचे उत्तर मराठ्यांना सापडले ते वसईच्या मोहिमेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवले. त्याच वर्षी वसईच्या तटाला शिड्या लावण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि चिखल. तिकडून जाणे म्हणजे वरचे सगळे दंड एकदम भरणे.

पुढच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी घाई केली नाही. १७३९ च्या सुरुवातीला त्यांनी माहीम, केळवे, तारापूर, वेसावे, धारावी अशी भोवतालची ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरला बाजी भीवराव रेठरेकर पडले. वसईला समुद्रावरून येणारी मदत अशी आकसत गेली. मग हल्ला झाला तो जमिनीला जोडलेल्या उत्तरेच्या बाजूने. मोर्चे पुढे सरकवत नेले, जमिनीखालून सुरुंग खणले आणि मे महिन्यात ते उडवून तट पाडला. तरीही शेवटच्या झुंजीत मराठ्यांची माणसे फार पडली. त्यानंतर पोर्तुगिजांनी किल्ला सोडला. पाण्याने वेढलेला किल्ला जिंकायचा तर पाणी ओलांडायचे नाही, पाणी त्याच्या उपयोगाचे राहू द्यायचे नाही, ही ती रीत.

तारावाचे कोडे

कोणी म्हणेल, हे सारे शिडाच्या काळातले. यंत्रयुगात भरतीचे काय एवढे? त्यासाठी पॅसिफिक महासागरातले तारावा पाहू. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकेच्या मरीन तुकड्या तिथल्या बेटियो बेटावर उतरल्या. सपाट बुडाच्या होड्यांना सव्वा मीटरच्या आसपास पाणी हवे होते. भरतीत प्रवाळखडकावर तेवढे पाणी येईल, असा अंदाज होता. पाणी चढलेच नाही. होड्या खडकाच्या कडेला अडकल्या आणि माणसांना अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर पाण्यातून, गोळीबारात चालत जावे लागले. तीन-चार दिवसांच्या लढाईत अमेरिकेची सुमारे एक हजार माणसे मेली. जपानी तुकडी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली.

पाणी का चढले नाही, याचे उत्तर १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने मांडले. त्या दिवशी चंद्र अष्टमीचा, म्हणजे भांगाची भरती; आणि त्याच सुमारास चंद्र पृथ्वीपासून आपल्या कक्षेतल्या दूरच्या बिंदूजवळ होता, म्हणून त्याचे ओढणेही कमी. दोन्ही कारणे एकत्र आल्यामुळे पाणी दिवसभर जवळजवळ एकाच पातळीवर राहिले.

पुढच्या वर्षी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना भरतीची कोष्टके लिव्हरपूलच्या आर्थर डूडसन यांनी यंत्रावर काढून दिली होती. दिवस असा निवडला, की पहाटे ओहोटी संपून पाणी चढत असावे. ओहोटीमुळे किनाऱ्यावर पुरलेले अडथळे दिसत होते, आणि पाणी चढते असल्यामुळे रुतलेली होडी पुन्हा तरंगणार होती. भरतीचे भाकीत करणारे असे यंत्र हिंदुस्थानच्या बंदरांसाठी १८७९ मध्येच लंडनमध्ये तयार झाले होते. भारतीय सर्वेक्षण विभाग आजही आपल्या बंदरांची भरती-कोष्टके प्रसिद्ध करतो.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी हा खेळ वर्गात बसवता येतो. कागदावर पुळणीच्या बारा ओळी आखा. वर तट, खाली समुद्र. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला आणि शेवटी हळू, मधे वेगाने चढते. खलाशांचा ठोकताळा असा, की सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग चढते. प्रत्येक फेरी म्हणजे एक तास धरा आणि तेवढ्या ओळी निळ्या करा. ओहोटीत उलट क्रम.

हल्ल्याकडे ४० चिंचोके आणि पाच-पाच चिंचोके नेणाऱ्या चार होड्या. होडी पाण्याच्या कडेपर्यंत जाते, माणसे उतरवते आणि एक फेरी घेऊन परत जाते. फेरी संपताना होडीखालचे पाणी गेले, तर ते परत येईपर्यंत ती तिथेच रुतते. उतरलेली माणसे कोरड्या पुळणीवर फेरीला दोन ओळी चालतात. बचावाकडे दहा चिंचोके. जितके चिंचोके तितक्या वेळा दर फेरीला फासा टाकायचा, सहा पडला की हल्ल्याचा एक बाद. हल्लेखोरांना तटाशी पोहोचल्यावरच तसा फासा टाकता येतो.

हल्ला कोणत्या तासाला सुरू करायचा, हे मुलांनाच ठरवू द्या. कोणी पूर्ण ओहोटी निवडेल आणि त्याला बारा ओळी चालाव्या लागतील. कोणी पूर्ण भरती निवडेल, त्याला चाल वाचेल, पण पाणी उतरू लागताच होड्या रुततील आणि दुसरी खेप येणार नाही. प्रत्येक गटाचे नुकसान फळ्यावर तासानुसार मांडा. मग त्या आकड्यांकडे बोट दाखवून विचारा, की ‘पन्नास टक्के’ हा नियम यांतल्या कोणत्या तासाला लागू पडतो.

याचा उपयोग केवळ खेळापुरता नाही. इतिहासाच्या तासाला पराभवाची कारणे विचारली, की मुले फितुरी, गाफीलपणा, शौर्याची कमतरता अशी ठरलेली उत्तरे देतात. त्यांतली काही कधी कधी खरीही असतात. पण जंजिऱ्यासमोर पडलेला माणूस वसईच्या तटावर चढलेल्या माणसापेक्षा कमी शूर नव्हता. त्याच्यापुढे पाणी वेगळे होते, होड्या थोड्या होत्या आणि घटका टळली होती. लँचेस्टरच्या उदाहरणात ५४ आणि ४०० या दोन आकड्यांत जो फरक आहे, तो फरक म्हणजे ३४६ घरे. पुढच्या वेळी जलदुर्गाचा धडा शिकवताना सनावळीशेजारी तिथी लिहावी, तिची पाऊणपट करायला सांगावी, आणि त्या तासाला तटाखाली पाणी होते की पुळण, हे मुलांकडून काढून घ्यावे.